सतरा नंबरची जोडी

बस स्थानकावर तिकिटाच्या पाच खिडक्या होत्या आणि दोन नंबरच्या खिडकीसमोरची रांग नेहमी सगळ्यांत लांब असे. शेजारची खिडकी रिकामी असली तरी लोक दोनसमोरच ताटकळत. नव्या स्थानकप्रमुखाला आधी वाटलं, या बाईचा हात हळू असणार. त्याने एक सकाळ खांबाआड उभं राहून घड्याळ लावलं. एका माणसामागे तिला चौदा सेकंद लागत होते, एक नंबरवाल्याला एकोणीस.

कारण वेगळंच होतं. ती लोकांना स्वस्तात पाठवत असे, आणि तेही नियमात राहून.

शहराच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या तिकिटाला दुप्पट दर लागे, आणि तो सगळ्या अंतराला लागे, हद्दीच्या आतल्या अंतरालासुद्धा. त्यामुळे स्थानकापासून मोठ्या दवाखान्याचं तिकीट सेहेचाळीसचं होतं. पण हद्दीच्या आतला शेवटचा थांबा म्हणजे वीटभट्टी. वीटभट्टीपर्यंतचं साधं तिकीट चौदा, आणि वीटभट्टी ते दवाखाना अठरा. बस तीच, बाक तोच, मध्ये उतरायचंही नाही. दोन तिकिटं खिशात ठेवायची आणि बत्तीसमध्ये जायचं. खिडकीवाले याला जोडतिकीट म्हणत. कोणत्याही दोन थांब्यांमधलं तिकीट कोणत्याही खिडकीवर मिळेल, असं नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं, तेव्हा मनाई असण्याचा प्रश्न नव्हता. बाकीचे चौघे कुणी मागितलं तर जोडतिकीट देत. ती न मागता देत असे.

वेगवेगळ्या मार्गांवर अशा एक्केचाळीस जोड्या होत्या. त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या, तिला पाठ होत्या. बावीस वर्षं ती त्याच खिडकीत बसत होती आणि लोक तिला दोन नंबर म्हणूनच हाक मारत. "आमचं सगळं दोन नंबरचं, पण पावती मिळते," असं ती स्वतःच म्हणे.

तिच्या रोजच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त गवंडी होते. आठवड्यातून तीनदा, सकाळी सात चाळीसच्या बसने ते रक्त शुद्ध करून घ्यायला मोठ्या दवाखान्यात जात. सोबत बायको असे. ती कधी बोलत नसे, नवऱ्याची पिशवी धरून उभी राही. दोघांचं जाणं-येणं धरलं तर जोडतिकिटामुळे एका दिवसाचे छप्पन्न वाचत.

"बाई," गवंडीकाका म्हणत, "रक्त ते धुतात, पण आमच्या घरी दूध येतं ते तुमच्यामुळे."

मग मशिनं आली.

आठ होती. माणसाच्या उंचीची, वर काच, खाली नाण्यांची आणि नोटांची फट. खिडक्या बंद होणार आणि महिन्याच्या एक तारखेपासून तिकीट फक्त मशीनवर मिळणार, असं पत्रक लागलं. बसमध्ये कंडक्टर तर चार वर्षांपूर्वीच राहिले नव्हते. पाच खिडकीवाल्यांपैकी तिघांना दुसऱ्या कामावर पाठवलं, एकाने राजीनामा दिला, आणि तिला मशीनशेजारी मदतनीस म्हणून ठेवलं. तिने फारशी कुरकुर केली नाही. तिला स्वतःच्या नोकरीची नव्हे, त्या एक्केचाळीस जोड्यांची काळजी होती. बोट दाखवून दवाखाना म्हणणाऱ्या माणसाला मशीन कशाला सांगेल की वीटभट्टीला तिकीट तोड म्हणून?

या काळजीवर उत्तर घरातच निघालं. मशिनं बसवणाऱ्या कंपनीत तिचा जावई होता. भाड्याचे आकडे मशीनमध्ये भरायचं काम त्याच्याकडे होतं. कंत्राटावर होता, सहा महिन्यांनी पक्का करतो असं त्याला चार-पाचदा सांगून झालं होतं. एका रविवारी दुपारी तो तिला म्हणाला, "आई, तुमच्या डोक्यात आहे ते मशीनच्या डोक्यात घालतो. माणसाने दवाखाना दाबला की खाली हिरवं बटण येईल. दोन तिकिटं घ्या, बत्तीस पडतील. त्याला काही कळायचीसुद्धा गरज नाही."

"मग मी कशाला?"

"हिरवं बटण कुठलं ते दाखवायला."

"जावईबापू, बावीस वर्षं मी तेच बटण होते. फक्त मला कुणी हिरवा रंग दिला नाही."

तो मनापासून हसला. लेकीने जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला, आणि आई सांगत गेली तशी ती टाइप करत गेली. फळबाजाराची गाडी, मग कापड गिरणीची, मग जुन्या नाक्याची. दोन रविवार लागले. आई डोळे मिटून सांगत होती.

"पाढे म्हणतेस की थांबे, आई?" लेकीने विचारलं.

"मध्ये बोलू नको. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागेल."

दुसऱ्या रविवारी निघताना जावई तिला बसपर्यंत सोडायला आला, तिची पिशवीही त्याने धरली. तिला वाटलं, लेकीने माणूस बरा निवडला.

मंगळवारी गवंडीकाकांचा दिवस नव्हता, पण दवाखान्याची दुसरी दोन माणसं आली. त्यांना वीटभट्टीचं तिकीट देताना तिचा हात थबकला. दवाखान्याची जोडी सांगताना आपण वीटभट्टीऐवजी पाण्याची टाकी म्हणालो, हे तिला तेव्हा आठवलं. पाण्याची टाकी वीटभट्टीच्या पुढचा थांबा, म्हणजे हद्दीच्या बाहेर. तिथे तोडलेल्या तिकिटात एक पैही वाचत नाही. एक्केचाळीस जोड्यांत ही एकच चूक झाली होती, आणि नेमकी जिथे व्हायला नको तिथे. दुपारी एक वाजता सुट्टी झाल्या झाल्या तिने लेकीला फोन केला.

"अगं, सतरा नंबर चुकलाय. टाकी नाही, वीटभट्टी. बदलशील?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"बदलते."

"लिहून ठेव, विसरशील."

"नाही विसरणार, आई. सतरा. वीटभट्टी."

नंतरचे तीन आठवडे तिने खिडकीत एकच काम केलं. तिकीट देता देता प्रत्येकाला सांगितलं. मशीनला घाबरू नका, दवाखाना दाबा, खाली हिरवं बटण येईल, तेवढं दाबा, मी स्वतः घालून घेतलंय. काचेला बोलायला एक गोल भोक होतं. त्यातून पलीकडे ऐकू जावं म्हणून बावीस वर्षं ती वरच्या पट्टीतच बोलत आली होती, त्यामुळे एकाला सांगितलेलं मागच्या दहा जणांना कळे.

गवंडीकाका सहजासहजी मानणारे नव्हते. "भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा सांगतो. या मशीनला ओळंबा कोण लावणार?"

"मी लावलाय."

"तुम्ही लावलाय ना?"

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस."

"मग झालं," काका म्हणाले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "बाईंनी लावलाय."

त्याच दिवसांत एकदा लेक स्थानकावर आली होती. आईचा चष्मा तिच्या घरी राहिला होता, तो द्यायला. ती रांगेच्या बाजूला उभी होती आणि आई एका म्हातारीला हिरव्या बटणाचं समजावत होती. म्हातारीला दोनदा सांगावं लागलं. लेकीने दोन्ही वेळा ऐकलं. मग तिने चष्मा खाचेतून आत सरकवला.

"थांब ना जरा, पाच मिनिटांत सुट्टी होते."

"बस आहे माझी," लेक म्हणाली आणि गेली.

एक तारखेला सोमवार होता. सकाळी सहाला ती आली तेव्हा पाचही खिडक्यांवर पांढऱ्या फळ्या ठोकलेल्या होत्या. तिला निळं जाकीट दिलं. त्यावर 'मी मदत करू का?' असं लिहिलेलं होतं, पण पाठीवर. म्हणजे ती पाठ फिरवून चालू लागली की लोकांना कळे, हिला विचारायला हवं होतं.

सात वीसला गवंडीकाका आले. चार नंबरच्या मशीनसमोर उभे राहिले, ती शेजारी. काकांनी बोट पॅन्टला पुसलं आणि दवाखाना दाबला. काचेवर सेहेचाळीस आलं. खाली काही नव्हतं.

"हिरवं कुठाय?"

तिने काचेवरचं आधीचं पान आणून पुन्हा दाबलं. सेहेचाळीस. पाच नंबरच्या मशीनवर जाऊन पाहिलं. सेहेचाळीस. बाहेर सात चाळीसची बस सुरू होऊन उभी होती, आणि मागे रांगेत चपला वाजायला लागल्या होत्या.

"काका, आज पहिला दिवस आहे. काहीतरी राहिलंय. आज घ्या असंच, मी बोलते त्यांच्याशी."

काकांनी दोघांचे ब्याण्णव भरले. नोट दोनदा परत आली, तिसऱ्यांदा आत गेली. बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

पुढच्या माणसाला फळबाजाराच्या पुढे जायचं होतं. तिने त्याला जुन्याच पद्धतीने, हाताने दोन तिकिटं काढून द्यायचं ठरवलं. पहिलं निघालं. दुसऱ्याला काचेवर अक्षरं आली: या थांब्यापासूनचं तिकीट येथे उपलब्ध नाही. मग कापड गिरणीच्या माणसासाठी करून पाहिलं. उपलब्ध नाही. जुना नाका. उपलब्ध नाही. नऊ वाजेपर्यंत तिला कळून चुकलं की मशीन बिघडलेलं नाही, त्याला शिकवलेलं आहे.

अकराला ती स्थानकप्रमुखाच्या खोलीत गेली. त्याने खणातून दोन पानं काढून तिच्यापुढे ठेवली. वर ठळक अक्षरांत 'गळती: बंद करावयाच्या जोड्या' असं होतं.

"हे शुक्रवारी आलं. तुम्हाला घरूनच कळलं असेल, म्हणून मी बोललो नाही." तो जरा ओशाळून हसला. "खाली जावईबापूंचं नाव आहे तुमच्या. पक्के झाले ना ते? पेढे नाही तर निदान चहा तरी पाजा."

तिने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. एक, फळबाजार. दोन, कापड गिरणी. तीन, जुना नाका. एखाद्या यंत्राने शोधलं असतं तर ते मार्गाच्या आकड्यांप्रमाणे आलं असतं. कारकुनाने लिहिलं असतं तर अक्षरांप्रमाणे. हा क्रम यांतला कुठलाच नव्हता. दोन नंबरच्या खिडकीत बसून डावीकडून उजवीकडे पाहिलं की फलाटांवर गाड्या ज्या क्रमाने उभ्या दिसत, तो हा क्रम होता. तो जगात एकाच खुर्चीवरून दिसत असे.

सतराव्या ओळीवर बोट आलं तेव्हा ते तिथेच थांबलं. सतरा, पाण्याची टाकी ते मोठा दवाखाना.

"काय झालं?" स्थानकप्रमुखाने विचारलं.

"काही नाही. याची एक प्रत मिळेल?"

संध्याकाळी सहाला ती लेकीच्या घरी पोचली. जावई नुकताच आला होता, बूट काढत होता. तिने पानं टेबलावर ठेवली, त्याच टेबलावर.

"आई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. त्याने पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिरवं बटण मी मागितलं होतं. शपथेवर सांगतो. वरून नको म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

"आपली यादी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि मी तीन आठवडे सगळ्या गावाला सांगत बसले."

"मला वाटलं, पुन्हा विचारून बघू. होईल."

"बटण नको म्हणाले, मग यादी परत का नाही आणलीत?"

तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाला, "ते म्हणाले, बटण कशाला, हे तर आपलं नुकसान आहे, आम्ही दोन वर्षं हेच शोधतोय. आई, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? यादी त्यांच्या पुढ्यात होती. पुढ्यातली उचलून घेऊ?"

"त्यांच्या पुढ्यात ती पाय फुटून गेली?"

"तुम्ही उगाच..."

"आवाज नका चढवू. मी चढवलाय का? माझ्या पिशवीला हात लावून मला बसपर्यंत सोडलंत, आणि दुसऱ्या दिवशी केसाने गळा कापलात. एवढंच म्हणते."

जावई उठला, फोन वाजल्यासारखा खिशात हात घातला आणि गच्चीत गेला. फोन वाजला नव्हता.

स्वयंपाकघरात लेक भांडी घासत होती. पाठमोरी. तिने सगळं ऐकलं असणार, कारण मधे दार नव्हतं, पडदा होता. आई ओट्याला टेकून उभी राहिली.

"सतरा नंबर," ती म्हणाली.

लेकीने नळ बंद केला.

"मी तुला मंगळवारी फोन केला होता. टाकी नाही, वीटभट्टी. तू म्हणालीस, बदलते."

"हो."

"बदललं नाहीस."

"नाही."

"विसरलीस?"

लेकीने हात पुसले. फडकं नीट घडी करून ओट्यावर ठेवलं, मग उलगडून पुन्हा घडी केली.

"विसरले नाही. मुद्दाम ठेवलं." ती हळू बोलत होती, गच्चीच्या दाराकडे बघत. "त्यांनी यादीतल्या जोड्या बंद केल्या. यादीत टाकी आहे, म्हणून टाकीची बंद झाली. वीटभट्टीची उघडी आहे. हाताने दोन तिकिटं काढलीस तर निघतील. तू दवाखान्याच्या लोकांबद्दल बोलायचीस ना नेहमी. म्हटलं, एक तरी राहू दे."

आईला आधी दवाखान्याचीच माणसं दिसली, गवंडीकाका, त्यांची पिशवीवाली बायको. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती आल्यावर पहिलीचं काही उरलं नाही.

"म्हणजे मंगळवारी तुला माहीत होतं."

लेकीने फडकं पुन्हा उलगडलं.

"मी फोन केला तेव्हा. नळ बंद केलास तेव्हा."

"सोमवारी यांनी घरी येऊन सांगितलं."

"आणि चष्मा द्यायला आलीस तेव्हा. त्या म्हातारीला मी दोनदा सांगितलं. तू ऐकत होतीस."

"आई..."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू यादी परत मागितली असतीस. वरपर्यंत गेली असतीस तू."

"गेले असते."

"म्हणूनच." लेकीने पहिल्यांदा वर पाहिलं. "सहा महिने सहा महिने करत अडीच वर्षं काढलीत आम्ही. तुला माहीत नाही का? घरमालक दर महिन्याला पायरीवर उभा. आता पक्के झालेत. तुझ्या जोड्यांमुळे कुणी मरत नव्हतं, आई. पण सतराची मला लाज वाटली. म्हणून ती ठेवली."

"चाळीस विकल्या आणि एक माझ्या हातावर ठेवलीस."

लेक रडेल असं तिला वाटलं. ती रडली नाही. उलट जवळ येऊन आणखी हळू आवाजात म्हणाली, "एक ऐकशील? सगळ्यांना सांगू नको. अगदी गरज असेल त्या चार-पाच जणांना, तेही कानात. त्यांच्याकडे रोजचा आकडा जातो. वीटभट्टीची तिकिटं एकदम वाढली की विचारतील, ही कशी राहिली. यादी कुणी टाइप केली ते शोधतील. यांनाही माहीत नाही हे."

आईने टेबलावरची दोन पानं घडी करून पिशवीत टाकली. निघताना लेकीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला, ओट्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरली.

मंगळवार तिने कुणाला काही न सांगता काढला. बुधवारी सकाळी सहा वीसला, स्थानकावर झाडूवाल्याशिवाय कुणी नसताना, तिने स्वतःचे अठरा टाकून वीटभट्टी ते दवाखाना असं तिकीट काढलं. मशीन क्षणभर थांबलं आणि कागद बाहेर आला. तो गरम होता. तिने तो जाकिटाच्या खिशात ठेवला.

तासभर ती विचार करत होती. चार-पाच जणांना कानात सांगायचं म्हणजे कुणाला? काकांना सांगायचं, आणि त्यांच्या मागे काठी टेकत उभ्या असलेल्या बाईला नाही? ते कोण ठरवणार? खिडकीत असताना तिने कधी निवड केली नव्हती, म्हणून तर रांग तिच्यासमोर लागे. आणि कानात सांगायची गोष्ट चोरीची असते. जोडतिकीट चोरीचं नव्हतं. पण मोठ्याने सांगितलं तर लेकीच्या घरात काय होईल, हेही तिला कळत होतं. कंपनी विचारणार, जावई घरी विचारणार. सगळ्यांना सांगायचं तर ती लेकीला उघडं पाडणार होती, आणि लेकीला झाकायचं तर या लोकांना दिलेला शब्द दुसऱ्यांदा खोटा पडणार होता.

सात वीसला गवंडीकाका आले. ती चार नंबरपाशी होती, म्हणून ते एक नंबरच्या मशीनकडे गेले. ती तिथे गेली.

"काका, थांबा जरा."

"राहू द्या बाई." ते काचेकडेच बघत होते. "सोमवारी बघितलं तुमचं हिरवं. तुमची चूक नाही म्हणा. नोकरी आहे, सांगायला सांगतात ते सांगावं लागतं."

"मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं."

"मग तर आणखी वाईट," काका म्हणाले.

तिने खिशातलं तिकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. वीटभट्टी ते मोठा दवाखाना, अठरा, आजची तारीख, सकाळी सहा वीस. काकांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि भिंतीची वीट पारखावी तसं अंगठ्याने घासून पाहिलं.

"तुम्हीच दाबा," ते म्हणाले. "मी नाही हात लावणार."

तिने दाबलं. चौदाची दोन निघाली. अठराची दोन निघाली. काकांनी चारही मोजून बायकोच्या हातात दिली. आभार मानले नाहीत.

त्यांच्या मागे सात-आठ माणसं होती. काठीवाली बाई, हाताला पट्टी बांधलेला एक ड्रायव्हर, बाकीची ओळखीची तोंडं. ती त्यांच्याकडे वळली. पाठीवरची अक्षरं मशीनकडे गेली. मग काचेच्या भोकातून बोलायची त्या आवाजात, शब्द न गिळता, तिने सांगितलं, "दवाखान्याला जाणाऱ्यांनी ऐका. एकदम तिकीट घेऊ नका. आधी वीटभट्टी, चौदा. मग वीटभट्टी ते दवाखाना, अठरा. हिरवं बटण नाही, ते येणारही नाही. मी सांगितलं ते चुकलं. आता सांगते ते बरोबर आहे, पण किती दिवस टिकेल ते माहीत नाही."

ते नऊ दिवस टिकलं. पहिल्या दिवशी वीटभट्टीची चौतीस तिकिटं गेली, शनिवारी दोनशेच्या वर. ही गोष्ट तिने कुणापासून लपवली नाही. स्थानकप्रमुखाने विचारलं तेव्हा त्यालाही सांगितली. तो कागदाची कड फाडत बसला आणि म्हणाला, मी ऐकलं नाही असं समजा. रविवारी लेकीकडे जायचा दिवस होता. ती गेली नाही, आणि का आली नाहीस म्हणून फोनही आला नाही.

सातव्या दिवशी आला. "आई, किती जणांना सांगितलंस?"

"सगळ्यांना."

पलीकडून श्वास ऐकू आला, मग फोन ठेवल्याचा आवाज.

नवव्या दिवशी संध्याकाळी, जाकीट कपाटात टांगताना, लेकीचा निरोप मोबाइलवर आला. तिने तो उभ्याउभ्या वाचला. 'सतरा नंबर आज दुरुस्त केला. तूच मंगळवारी चूक सांगितली होतीस, माझ्याकडून टाइप करायचं राहून गेलं, असं यांना सांगितलंय. त्यांनीही तसंच वर कळवलंय. तुला कुणी विचारलं तर तू फोन केला होतास एवढं सांग. ते खरंच आहे.'

ते खरंच होतं. तिने केलेली दुरुस्ती, तिच्याच शब्दांत, तिने सांगितली तशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ती सात वाजल्यापासून एक नंबरच्या मशीनपुढे उभी राहिली. काका दिसताच, त्यांचं बोट काचेकडे जायच्या आत तिने सांगितलं.

"काका, आजपासून सेहेचाळीस. वीटभट्टी बंद झाली."

काकांनी नोटा काढल्या. एक एक सरळ करून फटीत घातली. या वेळी एकही परत आली नाही. तिकिटं हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी केली बंद?"

तिने मशीनकडे पाहिलं, मग फळी ठोकलेल्या खिडकीकडे.

"घरच्यांनी."

काका तिथेच उभे राहिले, तिकिटं हातात धरून, जणू ती आणखी काही सांगेल. बाहेर सात चाळीसच्या बसने भोंगा दिला. तेव्हा त्यांची बायको, जी इतक्या वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, पुढे झाली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि दोन नंबरवाल्या बाईंच्या दंडाला हात लावून म्हणाली, "येतो हं."